कृष्णेची इशारा पातळी उन्हाळ्यासाठीही ठरवा

सांगलीत पावसाळ्यात शाळकरी मुलालाही दोन आकडे पाठ असतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 40 फुटांवर गेले की इशारा पातळी आणि 45 फुटांवर गेले की धोका पातळी, हे सांगायला कोणा अधिकाऱ्याची गरज लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा ताज्या आकड्याची चौकशी घरोघरी चालू होती आणि सामान कोणत्या मजल्यावर न्यायचे, जनावरे कधी सोडायची, हे लोक त्या आकड्यावरून ठरवत होते. हीच नदी एप्रिलमध्ये किती खाली गेली म्हणजे धोका समजायचा, असा एकही आकडा मात्र ना सांगलीकरांना ठाऊक आहे, ना वरच्या सातारा जिल्ह्याला. तो ठरवून, जाहीर करून, लोकांच्या तोंडी बसवण्याचे काम झालेलेच नाही. उपसाबंदीवरून, म्हणजे मोटारींनी नदीतून पाणी उचलण्यावरच्या बंदीवरून, दर टंचाईच्या वर्षी जो वाद पेटतो त्याचे मूळ इथे आहे. अवर्षणाच्या काळात नदीवरच्या उपशाला तात्पुरती मर्यादा घालणे योग्यच आहे आणि ती केवळ पिण्याच्या पाण्यासाठी नसून नदी वाहती राहावी म्हणूनही घातली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ती मर्यादा आधीपासून ठरलेल्या पातळीवर, टप्प्याटप्प्याने आणि सर्व उपसा करणाऱ्यांना एकाच वेळी लागू झाली, तरच ती न्याय्य ठरेल.

आजची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. पाणी उतरत उतरत पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलचा (नदीचे पाणी उचलणाऱ्या विहिरीचा) पाण्यात बुडालेला फुटव्हॉल्व उघडा पडायची वेळ येते, गावोगावच्या नळयोजनांच्या तक्रारी सुरू होतात, मग पाटबंधारे विभागाचे पत्र निघते आणि महावितरण नदीकाठच्या कृषीपंपांचा वीजपुरवठा ठराविक दिवसांसाठी बंद करते. पत्र निघण्याच्या आदल्या रात्री ज्याची पाळी झाली तो सुटतो; ज्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती त्याचा ऊस वाळतो. दोघांच्या पाण्याच्या हक्कात काडीचाही फरक नसतो, फरक असतो तो फक्त तारखेचा. अशी बंदी शेतकऱ्याला अन्यायाची वाटते, आणि तिच्यातला हा भाग खरोखरच अन्यायाचा आहे. त्याहून मोठा दोष असा की आदेशाचे कारण केवळ पिण्याचे पाणी असल्यामुळे जॅकवेलपुढचा डोह भरला की बंदीचे प्रयोजन संपते. बंधाऱ्याच्या खाली नदी कोरडी पडली आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्या पत्रात कोणावरच टाकलेली नसते.

या ठिकाणी साठा आणि प्रवाह यांतला फरक नीट पाहावा लागतो. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात. डिग्रज, सांगली, म्हैसाळ अशा एकामागून एक बंधाऱ्यांमुळे कृष्णा उन्हाळ्यात डबक्यांची माळ होते. पुलावरून पाहणाऱ्याला काठोकाठ पाणी दिसते आणि नदी भरलेली आहे असे वाटते, पण बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरून पाहिले तर बरग्यांच्या फटींतून झिरपणारे पाणी, उघडे पडलेले खडक आणि त्यांच्या खोबणींत अडकलेली चिंगळे एवढेच दिसते. या डबक्यांच्या काठावर शेकडो मोटारी आहेत. पाणी आणखी उतरले की मोटारीच्या तोंडापर्यंत पाणी यावे म्हणून जेसीबी लावून पात्रातच चर खोदले जातात. डोह हा उन्हाळ्यातला माशांचा शेवटचा आसरा असतो आणि ज्या डोहाकडे पाणी आपोआप गोळा होत असते, त्याच डोहातून ते चरांनी काढून घेतले जाते.

वाहत्या पाण्याचे काम काय असते, हे ते थांबल्यावर कळते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहू शकतो, तर 30 अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. मत्स्यजीवनासाठी पाण्यात तो किमान 4 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. खडकांवरून खळाळत जाणारे पाणी हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि ही तूट भरून काढते, पण साचलेल्या डोहात तशी सोय नसते. त्यात शेवाळ आणि जलपर्णी माजलेली असेल तर दिवसा ती प्राणवायू देते आणि रात्री स्वतःच वापरते, म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची असते. उन्हाळ्यात पहाटे डोहाच्या काठावर उभे राहिले तर मासे तोंड पाण्याबाहेर काढून हवा घेताना दिसतात. मरळीला हवेतूनही श्वास घेता येतो, त्यामुळे ती तगते. इतर कित्येक जातींना ते जमत नाही. अशा वेळी वरून थोडे जरी सांडपाणी किंवा मळीचे पाणी आले तरी सगळा डोह एका रात्रीत मरतो. मार्च 2023 मध्ये अंकलीच्या परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा जो खच पडला, तो जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिला आहे. प्रदूषण करणाऱ्याचा गुन्हा यामुळे तसूभरही कमी होत नाही. तरीही जे विष वाहत्या नदीत पातळ झाले असते आणि काही मासे वाचले असते, ते साचलेल्या नदीत घट्ट होऊन सगळ्या माशांना मारते, हेही तितकेच खरे आहे. सांगलीच्या शेरीनाल्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे कृष्णेत मिसळत आले आहे; नदीत प्रवाह नसेल तेव्हा त्याचे प्रमाण किती वाढते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणजे प्रवाह राखणे हा माशांइतकाच माणसाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, कारण पुढच्या गावाचे पिण्याचे पाणी याच पात्रातून उचलले जाते.

भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मगर. कृष्णेतली मगर उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पाऊस सुरू होण्याच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात. नेमक्या याच महिन्यांत आपण नदीचे पाणी फुटाफुटाने उतरवतो. घरटे पाण्यापासून दूर पडते, मगरी उरलेल्या एखाददुसऱ्या डोहात दाटीने गोळा होतात आणि त्याच डोहावर धुणे धुणारी बाई, म्हशी घेऊन आलेला पोरगा आणि मोटार बघायला उतरलेला शेतकरी येतो. मगरीने हल्ला केल्याची बातमी आली की मगरी पकडून न्या अशी मागणी होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे ही बाब बाजूला ठेवली, तरी पाणी कमी करून माणूस आणि मगर यांना एकाच खड्ड्यावर आणण्याचे काम कोणी केले, हा प्रश्न उरतोच.

नदीसाठी पाणी राखण्याची कल्पना कोणा हौशी पर्यावरणवाद्याच्या डोक्यातून निघालेली नाही. नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणीय गरजांसाठी बाजूला ठेवावा, असे 2012 च्या राष्ट्रीय जलनीतीत नमूद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये राज्यांना नद्यांत उन्हाळी सरासरी प्रवाहाच्या किमान 15 ते 20 टक्के पाणी वाहते ठेवण्यास सांगितले. गंगेच्या उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यासाठी केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये अधिसूचना काढून महिनावार टक्केवारीच ठरवून दिली: नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे 25 टक्के, पावसाळ्यात 30 टक्के. इंग्लंडमध्ये नदीतून पाणी उचलण्याच्या अनेक परवान्यांतच अशी अट असते की अमुक मापन केंद्रावर प्रवाह ठरलेल्या आकड्याखाली गेला की उपसा थांबवायचा. कॅलिफोर्नियात 2021 च्या अवर्षणात स्कॉट आणि शास्ता या नद्यांवर सॅल्मन माशांसाठी किमान प्रवाह ठरवून शेतीच्या उपशावर तातडीची मर्यादा घातली गेली, आणि तिथल्या शेतकऱ्यांनीही कडाडून विरोध केला. गंगेसाठी जे शक्य झाले ते कृष्णेसाठी का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

आता शेतकऱ्याचा आक्षेप. तो मी हलका मानत नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याने सोसायटीचे कर्ज काढून किंवा चार भावकीने एकत्र येऊन तीन-चार किलोमीटर पाइपलाइन टाकलेली असते, सहकारी पाणी संस्थेचे हप्ते भरलेले असतात, उसाची लागण ठरलेल्या कारखान्याच्या नोंदीने झालेली असते. मासे जगावेत म्हणून तुझी मोटार बंद, असे त्याला सांगणे सोपे नाही. पण आकडे काय सांगतात तेही पाहिले पाहिजे. 25-30 मीटर उंचीवर पाणी चढवणारी 10 अश्वशक्तीची मोटार सेकंदाला साधारण 15 लिटर पाणी उचलते, म्हणजे आठ तासांच्या थ्री फेज वीजपुरवठ्यात सव्वाचार लाख लिटरहून अधिक. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला गेलेल्या पहिल्या पाणी रेल्वेने जेवढे पाणी नेले ते 5 लाख लिटर होते. ज्या कृष्णेच्या पाण्याने एका तहानलेल्या शहराला धीर दिला, त्याच कृष्णेतून जवळजवळ तेवढेच पाणी एक मोटार एका रात्रीत उपसते, आणि काठावर मोटारी शेकड्यांनी आहेत. एकट्याचा उपसा नदीला जाणवतही नाही, सगळ्यांचा मिळून तिला आटवतो. म्हणूनच हा प्रश्न वैयक्तिक संयमावर सोडता येत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषीपंपांना 2024 पासून वीजबिल माफ झाल्यावर बिलाच्या भीतीने मोटार बंद ठेवण्याचे कारणही उरलेले नाही.

उन्हाळ्यात उसाला साधारण आठ-दहा दिवसांनी पाणी देतात. उपसा निम्म्यावर आणला तर दोन पाळ्यांतले अंतर लांबते, आणि जोमात असलेला आडसाली (पावसाळ्यात लावलेला) किंवा पूर्वहंगामी (पावसाळ्यानंतर लावलेला) ऊस हे अंतर सोसू शकतो. पाचट न जाळता सरीत आच्छादन करणे, एक आड एक सरी भिजवणे, ताणाच्या काळात 2 टक्के पोटॅश आणि 2 टक्के युरियाची फवारणी करणे, या गोष्टी कृषी विभागाचे कर्मचारी वर्षानुवर्षे गावोगाव सांगत आहेत. ठिबक असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत केलेली सुरूची कोवळी लागण, भाजीपाला आणि रोपवाटिका यांना हा न्याय लावता येणार नाही. त्यांची एक पाळी चुकली तर पीकच जाते. सरसकट बंदीपेक्षा टप्प्याची मर्यादा योग्य, असे मी म्हणतो ते याच कारणाने. शिवाय वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांत कृष्णाकाठची हजारो एकर जमीन अतिपाण्याने क्षारपड झाली आहे. जिथे मीठ फुटलेले आहे तिथे उसाचे कोंबसुद्धा धड उगवत नाहीत. पाणी जास्त म्हणजे पीक जास्त हा समज या काठावर दोन पिढ्यांनी जमीन गमावून तपासलेला आहे, आणि तरी तो सुटत नाही, याचे दुःख वाटते.

एवढे म्हटल्यावर हेही तितक्याच जोराने म्हटले पाहिजे की काठावरचा मोटारवाला हा कृष्णेचा एकमेव उपसादार नाही. कोयना धरणाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आहे आणि त्यातून वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवता येते. ते पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीत आणि पुढे समुद्रात जाते, कृष्णेत परत येत नाही. याच्याशी तुलना करायची तर 500 क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला 500 घनफुटांचा, प्रवाह सलग दहा दिवस नदीत ठेवायला लागणारे पाणी अर्ध्या टीएमसीपेक्षाही कमी भरते. नदीसाठी मागितलेले पाणी इतके थोडे आहे. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून 2100 क्युसेकपर्यंत पाणी खाली सोडण्याची सोयही आहे. पण सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमाखाली आले की टेंभूपासून सांगलीपर्यंत दोन्ही काठांच्या मोटारी त्यावर तुटून पडतात आणि शेवटच्या बंधाऱ्याखाली नदी होती तशीच राहते. धरणातून पाणी न सोडता नुसती उपसाबंदी केली तर ती शेतकऱ्याला शिक्षा ठरते, आणि उपसाबंदी न करता नुसते पाणी सोडले तर ते नदीला पोहोचत नाही. दोन्ही आदेश एकाच दिवशी, एकाच सहीने निघाले पाहिजेत.

2023 चा अनुभव ताजा आहे. पावसाळा तोकडा गेला, कोयना भरली नाही, 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात शिराळा, कडेगाव, खानापूर यांच्याबरोबर कृष्णाकाठचा मिरज तालुकाही होता. त्यानंतरच्या महिन्यांत सांगलीत नदीचे पात्र उघडे पडले आणि कोयनेतून पाणी किती आणि केव्हा सोडायचे यावरून सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे जाहीरपणे भांडले. त्या भांडणात पिण्याचे पाणी, शेती, वीज या सगळ्यांची बाजू मांडणारे होते. नदीची बाजू मांडायला कोणीही नव्हते, कारण तिचा वाटा कोणत्याही तक्त्यात लिहिलेला नव्हता.

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागाचा विचार वगळून तर हा प्रश्न सुटूच शकत नाही. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जतपर्यंत पोहोचवले. पिढ्यानपिढ्या छावण्यांत आणि टँकरमागे गेलेल्या माणसांना ते पाणी लढून मिळाले आहे, आणि समन्यायी वाटपाची जी मागणी तिथून उभी राहिली तिने महाराष्ट्राला पाण्याकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली. येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधले तेव्हा भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर वाटा धरला होता. म्हणून काठावरची मोटार बंद आणि उपसा योजनेचे पंप मात्र चालू, अशी बंदी काठाला मान्य होणार नाही. आणि योजनेचे पंप बंद करून जतच्या तलावात पिण्यापुरतेही पाणी न सोडणे हा पूर्व भागावर अन्याय होईल. मला दिसणारा रस्ता असा की पिण्याचे आणि जनावरांचे पाणी सर्वत्र अबाधित ठेवून त्यावरच्या सिंचनाच्या उपशात काठावरची मोटार आणि उपसा योजना या दोघांनी सारख्याच प्रमाणात कपात सोसावी. साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहतींचा उपसा यातून सुटता कामा नये. महापालिकांनीही आपल्या गळत्या जलवाहिन्यांचा हिशेब याच काळात द्यावा.

प्रत्यक्षात हे कसे घडेल? केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रे कृष्णेवर आहेत आणि अर्जुनवाड, कुरुंदवाडचे आकडे पुराच्या दिवसांत आपण रोज ऐकतो. तीच केंद्रे जानेवारी ते जूनचा प्रवाह क्युसेकमध्ये मोजतील आणि तो रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि फोनवर येईल, यात तांत्रिक अडचण नाही. जलसंपदा विभागाने मत्स्यतज्ज्ञांना बरोबर घेऊन दोन आकडे ठरवावेत. पहिल्या आकड्याला उपसा दिवसाआड व्हावा, गावांचे गट पाडून आळीपाळीने. दुसऱ्या आकड्याला तग धरणाऱ्या पिकांचा उपसा पूर्ण थांबावा, कोवळ्या पिकांना ठरलेले तास मिळावेत, आणि त्याच दिवशी प्रत्येक बंधाऱ्याचे ठराविक बरगे काढून खाली पाणी वाहते करावे. प्रवाह सुधारला की मर्यादा आपोआप उठावी, त्यासाठी कोणाच्या दारात जायची वेळ येऊ नये. नदीपात्रात चर खोदायला मात्र कोणत्याही टप्प्यावर परवानगी असू नये. केवळ वीज तोडून बंदी राबवण्याचे दिवस आता संपत आले आहेत, कारण सौर कृषीपंप वाढत आहेत आणि त्यांना महावितरणचे बटण लागू होत नाही. मोठ्या उपशांवर मीटर बसवणे आणि राखणीचे काम पाणी संस्थांच्याच माणसांकडे देणे, यावाचून पुढे गत्यंतर दिसत नाही. पाणी वाटणारा पाटकरी ज्या गावचा, त्या गावचे लोक त्याला फसवायला कचरतात.

मर्यादेच्या काळातली पाणीपट्टी माफ व्हावी आणि दुसऱ्या टप्प्यात ज्याचे पीक गेले त्याला पंचनाम्याने भरपाई मिळावी, ही मागणी मी नदीच्या बाजूने करतो. नदीचे पाणी सगळ्या जिल्ह्याच्या भल्यासाठी राखायचे असेल, तर त्याची किंमत काठावरच्या तीन-चार एकरवाल्याने एकट्याने मोजावी हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. पुरात घर गेले तर सरकार पंचनामा करते. सरकारच्या आदेशाने पीक गेले तर त्याची जबाबदारी अधिकच थेट आहे.

आणि हा निर्णय एप्रिलमध्ये घेण्याचा नाही. पावसाळा संपताना धरणांत किती पाणी आहे हे कळलेले असते, ऑक्टोबरच्या सुमारास कालवा सल्लागार समितीच्या बैठकांत रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात, आणि त्याच सुमारास बंधाऱ्यांचे बरगेही बसतात. सुरूची लागण करायची की नाही, किती करायची, हे शेतकरी त्यानंतर ठरवतो. त्या बैठकीच्या इतिवृत्तात पिण्याच्या पाण्याच्या रकान्याशेजारी नदीच्या प्रवाहाचा रकाना आखला जावा, त्यात कोयना, वारणा आणि धोममधून किती पाणी कोणत्या महिन्यात नदीसाठी सोडायचे ते लिहिले जावे आणि उपशाच्या दोन्ही पातळ्या दिवाळीपूर्वी गावोगाव दवंडीने कळवल्या जाव्यात. सातारा आणि सांगलीच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी एकत्रितपणे मांडावी, आणि कृष्णाकाठच्या प्रत्येक पाणी संस्थेने येत्या वार्षिक सभेत तसा ठराव करून तो समितीकडे पाठवावा.